ज्याचा त्याचा दंड

पोन्तग्लासच्या मोठ्या शाळेत दुपारचं जेवण वाढणाऱ्या बायकांमध्ये नेरिस तोंडाने सगळ्यांत फटकळ आणि हाताने सगळ्यांत सढळ होती. ज्या पोराच्या घरी धड काही शिजत नाही असं तिच्या कानावर आलेलं असे, त्याच्या ताटात कुस्करलेल्या बटाट्याचा एक डाव जास्त पडायचा. वरून "बघतोस काय माझ्या तोंडाकडे? चल, पुढे सरक" अशी दटावणीही मिळायची. पोरं तिला घाबरत आणि तरी तिच्याच रांगेत उभी राहत.

स्वान्सी शहराहून दरीत चढत जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. कोळशाची खाण तिच्या बापाच्या वेळी बंद पडली आणि पत्र्याचा कारखाना तिचं लग्न झालं त्या सुमारास. नवरा हेव्हिन बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करी. घरात नेरिस बोले आणि हेव्हिन "हं" म्हणे, आणि तेवढ्यावर दोघांचं बरं चाललं होतं. मुलगी लाउरी चौदाची, अभ्यासू आणि आईसारखीच हट्टी. मुलगा गेथिन नऊ वर्षांचा, आणि त्याच्या तोंडाला म्हणून क्षणाची उसंत नसे. बसचा ड्रायव्हर, चॅपलमधले नाकात बोलणारे पाद्री, शेजारची म्हातारी, सगळ्यांच्या हुबेहूब नकला. जेवताना तो पाद्रीबुवांच्या आवाजात मीठ मागायचा आणि हेव्हिनसारखा माणूससुद्धा ठसका लागेपर्यंत हसायचा.

या दोन्ही मुलांना नेरिसने गोवराची लस टोचू दिली नव्हती.

ती काही अडाणी नव्हती. बाकीच्या लशी तिने वेळच्या वेळी दिल्या होत्या. पण तिच्या थोरल्या बहिणीचा, एलिनेदचा मुलगा तेगिद, दीड वर्षाचा होईपर्यंत "मामा, बाबा, बस" असं बोलत होता आणि मग हळूहळू गप्प होत गेला. गोवराची लस घेऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. त्यातच लाउरी पोटात असताना वर्तमानपत्रांतून रोज छापून यायला लागलं की या लशीने मुलांच्या डोक्यावर परिणाम होतो. पुढे डॉक्टर लोकांनी ते सगळं खोटं ठरवलं. तेगिदचं दुखणं जन्मापासूनचंच होतं असं एलिनेदला मोठ्या इस्पितळात समजावलंही. पण नेरिसने तेगिदला मांडीवर घेऊन हाका मारल्या होत्या आणि तो भिंतीकडे बघत राहिला होता. डोळ्यांनी पाहिलेलं डॉक्टरांच्या सांगण्याने पुसलं जात नाही.

मग त्या हिवाळ्यात स्वान्सीच्या आसपास गोवर आला. आधी एकदोन शाळांत आणि बघता बघता सगळ्या दऱ्यांत. शनिवारी इस्पितळाबाहेर आईबापांच्या रांगा लागू लागल्या, ज्यांनी वर्षानुवर्षं लस टाळली होती तेच आता पोरांना कडेवर घेऊन उभे. मोठ्या शाळेतही टोचायला नर्सबाई येणार असं ठरलं आणि घरोघर परवानगीचे कागद गेले. नेरिसने "नको" वर खूण केली, सही केली आणि कागद लाउरीच्या दप्तरात कोंबला.

"आई, मला घ्यायची आहे," लाउरी म्हणाली.

"तुझ्या मावशीकडे जाऊन ये एकदा. तेगिदच्या शेजारी बस तासभर, आणि मग सांग."

"मी दर महिन्याला बसते त्याच्या शेजारी. तो लशीने तसा झालेला नाही. मावशीसुद्धा आता तसं म्हणत नाही. तू एकटीच म्हणतेस."

"झालं बोलून? ताटं उचल."

हेव्हिन चहाच्या कपात बघत होता. त्याला काय वाटतं हे कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

नर्सबाई आल्या त्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत पडदे लावून टोचणी चालली होती. व्यायामशाळा आणि जेवणघर यांच्यामध्ये नुसती एक भिंत. भिंतीच्या अलीकडे नेरिस पोरांच्या बटाट्यांवर रस्सा ओतत होती, आणि पलीकडे लाउरी यादीत नाव नसताना आत जाऊन बेथन प्रिचर्ड नावाच्या नर्ससमोर उभी राहिली होती. तिथे काय बोलणं झालं ते नेरिसला नंतर कळलं. बेथनने तिला हाकलून दिलं नाही आणि लगेच सुईही उचलली नाही. खुर्चीवर बसवलं आणि विचारलं की गोवराने काय होतं, लशीने काय होऊ शकतं, ताप आला तर काय करशील, आई का नको म्हणते. पोरीने सगळ्याची उत्तरं दिली. तेगिदचं दुखणं सांगितलं, आईला कशाची भीती वाटते तेही सांगितलं, आणि सांगताना आईबद्दल वाकडा शब्द काढला नाही. "आईला मी आत्ता बोलावू का? पलीकडेच तर आहे," असं बेथनने दोनदा विचारलं. "नको, मी घरी सांगेन," पोरगी म्हणाली. मग बेथनने लस टोचली.

टोचून झाल्यावर लाउरी बाही खाली करता करता म्हणाली, "सिस्टर, माझ्या भावासाठी मी सही केली तर चालेल?"

"नाही गं पोरी. तुझ्या दंडाचं तू ठरवलंस, ते तुला कळतंय म्हणून. त्याच्या दंडाचं तू नाही ठरवू शकत. तो नऊ वर्षांचा आहे, त्याचं तुझ्या आईबाबांच्याच हाती."

लाउरीने घरी येऊन गप्प बसायचं ठरवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. बेथननेही तोंड उघडलं नसतं, तसा नियमच होता. पण गेथिनला लस मिळायची तर आईशी बोलावं लागणार, आणि बोलायचं तर खरं बोलावं लागणार, असा तिने पोरबुद्धीने सरळ हिशेब केला. संध्याकाळी चहाच्या टेबलावर, मनुका घातलेले तव्यावरचे केक समोर असताना, तिने सांगून टाकलं.

"आई, मी लस घेतली आज. मला काही झालं नाही, बघ. आता गेथिनला पण दे ना."

नेरिसच्या हातातली सुरी तशीच राहिली. "काय केलंस?"

"घेतली. मी स्वतः होकार दिला. चालतं तसं."

"चालतं? कुणाच्या घरात चालतं?" नेरिसचा आवाज चढला. "मी भिंतीपलीकडे उभी होते, लाउरी! भिंतीपलीकडे! परकी बाई माझ्या पोरीला सुई टोचते आणि मी तिकडे रस्सा वाढत बसते! गावात तोंड दाखवू नको का मी?"

"तुझ्या तोंडाचा काय संबंध, आई? दंड माझा होता."

नेरिसने तिला मारलं नाही. तिने मुलांवर कधी हात उगारला नव्हता. ती उठली आणि लाउरीच्या पुढ्यातली बशी काढून घेतली. एवढ्याशा गोष्टीने पोरीचा चेहरा जो पडला, तो नेरिसला पुढे पुष्कळ वर्षं दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी ॲप्रन न काढताच ती बेथन प्रिचर्डसमोर जाऊन उभी राहिली. बेथन वयाने तिच्याच जोडीची, थकलेल्या डोळ्यांची बाई.

"माझी सही होती 'नको'वर. वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतं. बसा ना."

"बसत नाही. सही काय शोभेला घेता?"

"सोळाच्या आतलं मूल असलं तरी त्याला नीट सगळं समजत असेल तर त्याचा होकार कायद्याला पुरतो," बेथन शांतपणे म्हणाली. "आणि त्याने तसा होकार दिला की आईबापांच्या नकाराने तो मागे घेता येत नाही. मी तिला परत परत विचारलं. तिला समजत होतं. खरं सांगू? एवढं समजून टोचून घेणारे मोठेसुद्धा थोडेच येतात माझ्याकडे."

"कोणी केला असला कायदा? त्याला पोरं नसतील!"

"एका आईमुळेच झाला. मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. माझ्या मुलींना मला विचारल्याशिवाय डॉक्टरने सल्ला-औषध द्यायचं नाही म्हणून तिने दावा लावला होता. सगळ्यांत वरच्या न्यायालयापर्यंत गेली, आणि तिथे हरली."

"मग मी त्या बाईच्या बाजूची," नेरिस म्हणाली.

"असू दे. पण तुमचा धाकटा राहिलाय. त्याच्या वर्गातली तीन पोरं आजारी आहेत. रागावायचं तर माझ्यावर रागवा, पण शनिवारी त्याला इस्पितळात घेऊन जा."

हे बोलणं खरं म्हणजे नेरिसच्या मनात शिरलं होतं. लाउरीला ना ताप आला ना काही, शाळेत जाऊन ती फळ्यावरची गणितं सोडवत होती. आठवडाभर नेरिस तिच्याकडे चोरून बघत होती आणि आतून तिची भीती सैल होत चालली होती. पण भीती गेली तिथे अभिमान येऊन बसला. शनिवारी सकाळी हेव्हिनने गेथिनचा कोट हातात घेतला, आणि त्याच्या स्वभावाला न शोभणारी एक गोष्ट केली. त्याने तोंड उघडलं.

"मी घेऊन जातो त्याला."

"कुठे?"

"तुला माहीत आहे कुठे."

"जा. खुशाल जा. पण तिथे विचारतील, आईचं काय म्हणणं, आणि मी फोनवर सांगेन की माझा नकार आहे. आईबापांचं पटत नसेल तर ते टोचत नाहीत, कोर्टात जा म्हणतात. मी विचारून ठेवलंय. जाशील कोर्टात माझ्याविरुद्ध?"

"नेरिस, लेकराची गोष्ट आहे."

"एकीने पाठीमागे केलं. दुसऱ्याचं तरी माझ्या मनाने होऊ दे. थोडे दिवस जाऊ देत, मग बघू."

हेव्हिनने कोट खुंटीला परत अडकवला. पुढे तो कधी या शनिवारचा विषय काढत नसे, पण त्या खुंटीवर त्याने पुन्हा काही अडकवलेलं नेरिसने पाहिलं नाही.

थोडे दिवस गेले आणि गेथिनला ताप चढला. आधी डोळे लाल आणि खोकला, मग कानांमागून निघालेले चट्टे छातीपर्यंत. सुरुवातीला तो तापातही नकला करत होता, डॉक्टरच्या आवाजात "जीभ दाखव" म्हणत होता. मग छातीत न्यूमोनिया झाला आणि त्याला स्वान्सीच्या इस्पितळात हलवलं. तिथे काही काळ असा गेला की नेरिसला कोणी नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. जीव वाचला. पण ताप उतरल्यावर पलंगाच्या उजव्या बाजूने तिने "गेथिन, बाळा" म्हणून हाक मारली तर पोरगा खिडकीकडे बघत राहिला. पुन्हा मारली, मोठ्याने मारली. तो वळला तो तिची सावली पांघरुणावर पडली म्हणून.

गोवर आतल्या कानात गेला होता. उजवा कान पुरता गेला, डाव्यात थोडं ऐकू राहिलं, आणि तेही टिकेल याची डॉक्टरांना खात्री नव्हती.

बाहेरच्या व्हरांड्यात लाउरी शाळेच्या गणवेशात बसली होती. भावाला भेटायला बस पकडून एकटी आली होती. "काय म्हणाले डॉक्टर?" तिने विचारलं.

नेरिसने तिच्याकडे पाहिलं, आणि जे बोलली ते असं. "तू त्या दिवशी तोंड उघडलं नसतंस, तर मी चिडले नसते. चिडले नसते, तर तुझ्या बापाबरोबर त्याला शनिवारी पाठवलं असतं. आता बस भोगत."

लाउरी रडली नाही. तिने मान हलवली, जशी शिक्षकांनी चूक दाखवल्यावर हलवावी तशी. चौदा वर्षांच्या पोरीने ते खरं मानलं. तिला ते पटलं हे नेरिसला तिथल्या तिथे दिसलं होतं. "नाही गं, मी रागाच्या भरात बोलले" म्हणायला एक श्वास पुरला असता. नेरिसने तो घेतला नाही, कारण ते ओझं दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर गेल्याने तिला क्षणभर हलकं वाटलं होतं. या एका हलकेपणाची तिला पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटली. भीतीला निदान तेगिदचं कारण होतं. या हलकेपणाला काहीच नव्हतं.

घर चालू राहिलं. गेथिन डाव्या कानात यंत्र घालून शाळेत जाऊ लागला. नकला थांबल्या. त्याचा आवाजच सपाट झाला, आणि टेबलावर मीठ हवं असलं की तो बोट दाखवी. पण दोनेक वर्षांत त्याला स्वान्सीतल्या बहिऱ्या मुलांच्या मंडळात सोबती मिळाले आणि हातांची भाषा त्याने अशी उचलली की बघत राहावं. लाउरी भावाच्या बरोबरीने ती शिकली, हेव्हिनही शिकला. सबंध आयुष्य बोलणं टाळलेला हा माणूस हातांनी मात्र गप्पा मारू लागला, आणि ते तिघं टेबलाशी हसत तेव्हा नेरिसला अर्धंच कळे. तिची बोटं आखडत. लाउरीने तिला शिकवायची तयारी कधी दाखवली नाही, आणि नेरिसने कधी मागितली नाही.

लाउरी अठराव्या वर्षी ब्रिस्टलला शिकायला गेली. सुट्टीत यायची, पण पाहुण्यासारखी. उठल्यावर अंथरुणाची घडी घालून ठेवायची.

गेथिन पंधराचा असताना डाव्या कानातलंही ऐकणं खालावलं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया सुचवली. कानामागचं हाड कोरून आत एक यंत्र बसवायचं, मग शिकत शिकत पुष्कळसं ऐकू येऊ शकेल. नेरिसला वाटलं, इतक्या वर्षांनी देवाने दार किलकिलं केलं. ती तिथल्या तिथे हो म्हणाली. डॉक्टरीण मात्र गेथिनकडे वळली होती.

दुभाष्यामार्फत त्याने सगळं विचारून घेतलं. मग हातांनी आणि तोंडाने, दोन्हींनी सांगितलं, "नको."

"त्याला काय कळतंय," नेरिस घाईने म्हणाली. "तो पंधराचा आहे. मी आई आहे, मी देते होकार."

डॉक्टरीण आता तिच्याकडे वळली. "तुम्ही म्हणता त्यात कायद्याने तथ्य आहे. सोळाच्या आतल्या मुलाने हो म्हटलं तर आईबापांना ते मोडता येत नाही, पण नको म्हटलं तर आईबापांचा होकार चालू शकतो. जिवाशी गाठ असती तर मी कोर्टातसुद्धा गेले असते. पण हा जिवाचा प्रश्न नाही, आणि नको म्हणणाऱ्या मुलाला मी टेबलावर घेणार नाही. घरी बोला. त्याचं मन वळलं तर मी आहे."

घरी नेरिस बोलली. आठवडे बोलली. रडली, रागावली, त्याच्या आवडीचं, लीकची कांद्यासारखी पात घातलेलं मटण करून विनवलं. शेवटी एका दुपारी गेथिनने चमचा खाली ठेवला आणि तिला कळावं म्हणून हात न हलवता, त्या सपाट आवाजात, एकेक शब्द जोडून म्हणाला, "आई, मी बरा आहे. माझे मित्र आहेत. मला या कानांनी चालतं. तुला चालत नाही. तुझ्या मनावरचं ओझं उतरवायला माझं हाड कोरायचं का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. नेरिस उठून परसात गेली आणि वाळत घातलेले कपडे ओले असतानाच काढत बसली. पोरगा खरं बोलत होता. ते यंत्र तिला त्याच्या कानासाठी हवं होतं, आणि त्याहून जास्त स्वतःसाठी. पुढच्या भेटीला तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "तो म्हणतो तसं." एवढंच. बाहेर आल्यावर हेव्हिनने तिचा हात धरला. गेथिन पुढे चालत कुणाला तरी मोबाइलच्या पडद्यावर हातवारे करत होता.

त्यानंतर मात्र दुसरी गोष्ट तिला घरात बसू देईना. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ती बस पकडून ब्रिस्टलला गेली, लाउरीला न कळवता. लाउरी चार मैत्रिणींबरोबर एका अरुंद घरात राहत होती. दारात आईला पाहून ती घाबरली. "गेथिन बरा आहे ना?"

"बरा आहे. सगळे बरे आहेत. मला बोलायचं होतं."

स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच नेरिस बोलली. बसमध्ये जुळवलेली वाक्यं सगळी विसरली. "इस्पितळात तुला जे बोलले, ते माझं होतं. तुझं नव्हतं. तू खरं सांगितलंस म्हणून काही झालं नाही. मी हट्ट धरला म्हणून झालं. तेव्हाही मला ते माहीत होतं, लाउरी. माहीत असून बोलले."

लाउरीने किटलीत पाणी भरलं. बराच वेळ भरत राहिली. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "इथे कॉलेजात एक बाई आहेत, मुलांचं ऐकून घ्यायला. पहिल्या वर्षी त्यांच्याकडे जात होते. त्यांनी मला हेच सांगितलं, अगदी असंच."

"मग तुला पटलं?"

"त्यांच्या तोंडून? हळूहळू." तिने किटली लावली. "मला ते तुझ्या तोंडून हवं होतं, आई. सोळाची होते तेव्हा. सतराची होते तेव्हा. मी घरात मुद्दाम तुझ्या आसपास घुटमळायचे, भांडी पुसायला यायचे, आज म्हणेल, उद्या म्हणेल म्हणून. मग सोडून दिलं."

"आता म्हटलं मी."

"हो. ऐकलं ना."

"आणि?"

"आणि काय, आई? मला नाही माहीत. बरं वाटायला हवं होतं. दूध घालू ना तुझ्या चहात?"

चहा पिऊन दोघी बंदरापर्यंत चालत गेल्या. लाउरीने बोटी दाखवल्या, कोणत्या पुलाचं काम चाललंय ते सांगितलं. रस्ता ओलांडताना तिने आईचा दंड धरला आणि पलीकडे गेल्यावर सोडला. तिचा वर्ग होता, म्हणून बस सुटेपर्यंत तिला थांबता आलं नाही.

नेरिस अजून शाळेत वाढायला जाते. गुडघे दुखतात, तोंड तेवढंच फटकळ आहे. लाउरीचा फोन रविवारी येतो. आधी ती बापाशी बोलते, मग पडद्यावर गेथिनशी हातांनी, खळखळून, पुष्कळ वेळ. शेवटी फोन नेरिसकडे येतो. तिकडे पाऊस आहे का, गुडघा कसा आहे, एलिनेद मावशी बरी आहे का, असं लाउरी विचारते आणि नेरिस सांगते. अधूनमधून दोघींचं बोलणं संपतं आणि कोणीच फोन ठेवत नाही. नेरिस तशीच थांबते, घाई करत नाही.